गुडघ्यातली परांची

पावसाळा ओसरला की भाट्ये, मांडवी, मिऱ्या अशा रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर कधीकधी एक पांढरी, होडीसारख्या आकाराची, नखाने उकरली तर भुकटी होणारी वस्तू पडलेली दिसते. लहान मुलं तिला दगड समजून उचलतात आणि वजनच नाही म्हणून चकित होतात. गांध्याच्या दुकानात ती ‘समुद्रफेन’ या नावाने मिळते. नाव सुंदर आहे, पण चुकीचं. हा समुद्राचा फेस नव्हे. बाजारात आपण सरसकट ‘म्हाकुल’ म्हणून जे विकत घेतो त्यात दोन वेगळे प्राणी असतात. त्यातला रुंद, जाडजूड कटलफिश असतो, त्याच्या पाठीतलं हे कवच. दुसरा, लांबट असतो तो स्क्विड. त्याच्या पाठीत निघते ती प्लास्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक काडी. म्हाकुल साफ करणाऱ्या प्रत्येक बाईने ती काडी ओढून फेकलेली असते. पुढे ती काडीही या गोष्टीत येणार आहे.

समुद्रफेनाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत चक्क इमारत दिसते. मजल्यावर मजले, आणि दोन मजल्यांच्या मध्ये अगदी पातळ, नागमोडी भिंती. नव्वद टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. प्राणी त्या खोल्यांमधलं पाणी आणि वायू यांचं प्रमाण बदलतो आणि वरखाली तरंगतो. खोल पाण्याचा दाब या पोकळ इमारतीला सहन होतो. हलकं, पोकळ आणि तरी मजबूत. २००५ साली पोर्तुगालमधल्या आव्हेरो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कवच फॉस्फेटच्या द्रावणात, बंद भांड्यात, दाबाखाली, साधारण २०० अंशांपर्यंत तापवलं. कवचातला चुना गेला आणि त्याच्या जागी हायड्रॉक्सीअपेटाइट आलं, म्हणजे आपल्या हाडात जे खनिज असतं जवळजवळ तेच. पण मजले, भिंती, खोल्या जिथल्या तिथे राहिल्या. घराचा एकेक चिरा बदलावा आणि नकाशा तसाच राहावा, तसं. त्यांचं म्हणणं असं, की हाड तुटून जिथे पोकळी राहते तिथे हे बसवता येईल.

याला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात. मराठीत शब्द तयार आहे: परांची. बांबू आणि सुंभ वापरून बांधतात ती. गवंडी तिच्यावर उभे राहून भिंत रचतात, भिंत उभी राहिली की परांची सोडून घेतात. शरीरातल्या परांचीवर पेशी चढतात, आपलं हाड किंवा कूर्चा विणतात, आणि सगळं नीट जमलं तर परांची हळूहळू विरघळून जाते. कल्पना इतकी साधी, की ती सुचायला एवढा काळ का लागला हाच प्रश्न पडतो.

एक कारण असं, की हाड आणि कूर्चा यांचे स्वभाव फार वेगळे आहेत आणि वैद्यांचं लक्ष बराच काळ हाडाकडेच होतं. हाड मोडतं आणि जुळतं. गावोगावी हाडवैद्य याच गुणावर जगले. बांबूच्या कामट्यांनी हात सरळ बांधून ठेवला की उरलेलं काम शरीर करतं. हाडात रक्त खेळतं, पेशींची ये-जा असते, जुनं हाड खाणाऱ्या आणि नवं घालणाऱ्या दोन टोळ्या जन्मभर कामावर असतात. कूर्चा मात्र एकटी. गुडघ्यातल्या दोन हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत, निळसर पांढरं आवरण काही मिलिमीटर जाड असतं. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. जाळ्यात अडकलेल्या थोड्या पेशी असतात, त्या सांध्यातल्या पाण्यावर जगतात. नस नसल्यामुळे झिजायला लागते तेव्हा ती ओरडतही नाही. दुखायला लागतं तोवर खालचं हाड आणि आजूबाजूचं अस्तरही गुंतलेलं असतं. लंडनमधल्या विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लिहून ठेवलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. एवढ्या काळात या वाक्यावर भाष्यं भरपूर झाली, ते खोटं मात्र पाडता आलेलं नाही.

हाडाच्या बाबतीत प्रयोग लवकर सुरू झाले. १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या, योब फान मेकेरेन या डच शल्यविशारदाच्या पुस्तकात एक ऐकीव हकिकत आहे. एका रशियन सरदाराच्या कवटीला तलवारीने भोक पडलं, तिथे कुत्र्याच्या हाडाचा तुकडा बसवला, जखम भरली. चर्चने त्याला बहिष्कृत केलं, कारण माणसाच्या डोक्यात कुत्र्याचं हाड! सरदार परत वैद्याकडे गेला, म्हणाला, काढा. काढता येईना. तुकडा त्याच्या हाडात मिसळून गेला होता. खरी असो वा नसो, या विषयाचं सगळं सार त्या शेवटच्या वाक्यात आहे.

१८८० साली ग्लासगोत विल्यम मॅकेवेन याने एका लहान मुलाचा दंड वाचवला. संसर्गाने दंडाचं हाड नष्ट झालं होतं. मॅकेवेन त्याच काळात मुडदुसाने पाय वाकलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया करत होता. त्यांच्या नडगीतून काढलेल्या हाडाच्या पाचरी त्याने त्या दंडात टप्प्याटप्प्याने बसवल्या. एकाच्या पायातलं टाकाऊ हाड दुसऱ्याच्या हातात रुजलं. दहाएक वर्षांनी बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक याने हस्तिदंताचे सांधे बनवले, गुडघासुद्धा. ते फसले. त्याने निवडलेल्या सांध्यांमध्ये क्षयाचा संसर्ग होता. पण इथून दोन वाटा फुटल्या असं म्हणता येईल. ग्लुकची वाट बदलण्याची: सांधा काढा, नवा बसवा. मॅकेवेनची वाट रुजवण्याची. आज आपल्या ओळखीतल्या कुणाकुणाच्या गुडघ्यात धातू आणि प्लास्टिक आहे, ती ग्लुकची वाट. परांची दुसऱ्या वाटेवर येते.

शरीरात काही बसवायचं तर ते शरीराशी अजिबात न बोलणारं हवं, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समजूत होती. म्हणून स्टील, म्हणून टायटेनियम. ही समजूत मोडण्याची गोष्ट एका बसमध्ये सुरू होते. १९६७ साली अमेरिकेतला लॅरी हेंच नावाचा काचेवर काम करणारा शास्त्रज्ञ एका परिषदेला चालला होता. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल. त्याने विचारलं, की आम्ही जखमी सैनिकांमध्ये जे बसवतो ते शरीर नाकारतं आणि मग पाय कापावे लागतात. शरीर नाकारणार नाही असं काही तुम्हाला बनवता येईल का? हेंचने सोडियम, कॅल्शियम, फॉस्फरस घालून एक काच बनवली. १९६९ साली ती उंदरांच्या मांडीच्या हाडात ठेवली. काही आठवड्यांनी ती काढायला गेलेल्या सहकाऱ्याने निरोप दिला, की काच निघत नाही. रशियन सरदाराचीच गोष्ट, फक्त यावेळी कुत्र्याऐवजी काच. फरक एवढाच, की ती का चिकटली हे रसायनशास्त्राने सांगता येत होतं. काचेचा पृष्ठभाग विरघळतो, त्यावर हाडासारख्याच खनिजाचा थर बसतो, आणि पेशींना ते आपलंच वाटतं.

मग भोकांचं महत्त्व कळलं. नुसता पदार्थ ओळखीचा असून भागत नाही, आत शिरायला वाट हवी. रक्तवाहिन्या आणि हाडाच्या पेशी आत जायच्या तर भोकं निदान १०० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडी मोठी हवीत, आणि एकमेकांना जोडलेली हवीत. कोकणातल्या माणसाला हे समजावायला आकृतीची गरज नाही. जांभ्याचा चिरा आठवा. बाहेरून दगड, आतून सच्छिद्र, पाणी पडलं की मुरतं, फटीत धूळ बसली की शेवाळ आणि मग गवत. आपल्या लांब हाडांच्या टोकांचा आतला भागही असाच जाळीदार असतो. १९७४ साली पेनसिल्व्हेनियातल्या डेला रॉय यांनी सहकाऱ्यासोबत प्रवाळाचं रूपांतर याच खनिजात करून दाखवलं. प्रवाळाची भोकंही एकमेकांना जोडलेली असतात. समुद्रफेनाची युक्ती याच प्रयोगाची धाकटी बहीण. प्रवाळापासून बनवलेलं हाड पुढे शस्त्रक्रियांमध्ये वापरात आलं. पण प्रवाळ वाढतं फार सावकाश, आणि आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळाला हात लावायला बंदी आहे. कटलफिश मात्र खाण्यासाठी पकडलाच जातो आणि कवच उरतंच. मला वाटतं समुद्रफेनाची बाजू इथे वरचढ ठरते.

आता मुंबई. ही गोष्ट महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

१९८८ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एक ऊतकपेढी सुरू झाली. रक्तपेढी असते तशी, पण हाडांची आणि गर्भावरणाची. मागे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा आशियाई देशांसाठीचा कार्यक्रम होता. विकिरणाने ऊतकं निर्जंतुक करणारी ही भारतातली पहिली पेढी. तिचं काम उभं करण्यात डॉ. अॅस्ट्रिड लोबो गजीवाला यांचा मोठा वाटा. अणुऊर्जेचा आणि हाडांचा संबंध काय, असं वाटेल. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड नावाचा प्रकल्प १९७४ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय सामान निर्जंतुक करत होता. गॅमा किरण बंद पाकिटाच्या आरपार जातात. पाकीट उघडावं लागत नाही, तापवावं लागत नाही. उकळलेलं हाड कमकुवत होतं, पाकिटातच किरण दिलेलं हाड त्या मानाने टिकतं.

पद्धत अशी. दात्याच्या रक्ताच्या एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस अशा तपासण्या होतात. हाड कापून, धुऊन, मज्जा आणि चरबी काढून साफ केलं जातं. गोठवून त्यातलं पाणी उडवलं जातं. मग ते पाकिटात बंद करून किरणांखाली जातं, मात्रा साधारण २५ किलोग्रे. या सगळ्यानंतर हाडात जिवंत पेशी एकही उरत नाही. उरते ती रिकामी इमारत: खनिज, कोलाजेनचे धागे, भोकं. साध्या खोलीच्या तापमानात, कपाटात ठेवता येईल अशी. बसवल्यावर रुग्णाच्या पेशी तिच्यात शिरतात, जुनं खातात, नवं घालतात. कित्येक महिने, मोठा तुकडा असेल तर वर्षं लागतात. निसर्गाने बनवलेली ही परांची, फक्त दुसऱ्याच्या शरीरातून आलेली. गर्भावरणाचंही तसंच. बाळंतपणानंतर फेकून दिली जाणारी वार, तिच्यावरचा पातळ पडदा साफ करून वाळवला की भाजलेल्या आणि न भरणाऱ्या जखमांवर घालता येतो.

कॅन्सरच्या रुग्णालयात हे का सुरू झालं असेल, याचं उत्तर हाडांच्या कॅन्सरचे रुग्ण कोण असतात यात आहे. पुष्कळदा दहा ते वीस वयाची मुलं. मांडीत किंवा नडगीत गाठ. पूर्वी उपाय एकच होता, पाय कापणं. पाय वाचवायचा तर गाठ असलेलं हाड काढून तिथे काहीतरी घालावं लागतं, आणि धातूचा सांधा महाग. टाटामध्ये डॉ. अजय पुरी आणि सहकाऱ्यांनी निवडक रुग्णांमध्ये एक वेगळीच वाट वापरली. गाठीसकट हाडाचा तुकडा बाहेर काढायचा, शस्त्रक्रिया चालू असतानाच तो किरणोपचाराच्या यंत्राकडे न्यायचा, एकाच वेळी ५० ग्रे मात्रा देऊन त्यातली प्रत्येक पेशी मारायची, आणि तोच तुकडा परत त्याच जागी बसवून पट्टीने आवळायचा. रुग्णाचं हाड रुग्णालाच परांची म्हणून परत. माप चुकायचा प्रश्न नाही, दाता शोधायचा प्रश्न नाही. दोन्ही टोकांना जिवंत हाड येऊन मिळायला वेळ लागतो, काही वेळा मिळत नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तरीही दोन्ही पायांवर चालत शाळेत परतणारी मुलं यातून निघाली.

या सगळ्यात कूर्चा कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हाडाने पन्नास वर्षांत एवढी मजल मारली आणि कूर्चा हंटरच्या वाक्यापाशी बसून राहिली. १९८७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिली हालचाल झाली. लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांनी गुडघ्याच्या भार न येणाऱ्या कोपऱ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा घेतला, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवल्या आणि झिजलेल्या खळग्यात सोडल्या. १९९४ साली २३ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. अडचण पेशी जागेवर ठेवण्याची होती. म्हणून पुढे त्यांना कोलाजेनच्या पडद्यावर किंवा जेलमध्ये बसवायला सुरुवात झाली, म्हणजे पुन्हा परांचीच. आपल्याकडे मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या अशा उपचाराला २०१७ साली औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. पेशी वाढवण्याचं काम लोणावळ्यात होतं. चिक्कीच्या गावात कुणाचीतरी कूर्चा वाढते आहे, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आणि आता ती म्हाकुलची काडी. ती कायटिनची असते. कोळंबीच्या सालात, कुर्लीच्या कवचातही तेच. १८११ साली फ्रान्समध्ये आंरी ब्राकोनो याला ते आधी अळिंबीत सापडलं. १८२३ मध्ये ओदिए याने किड्यांच्या कठीण पंखांतून ते काढून त्याला नाव दिलं. १८५९ मध्ये रुजे याने ते तीव्र क्षारात उकळलं तेव्हा सौम्य आम्लात विरघळणारा नवा पदार्थ मिळाला, तोच कायटोसान. आजही कारखान्यात कृती तीच आहे. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने सालातला चुना काढायचा, कॉस्टिक सोड्याने प्रथिनं काढायची, मग जास्त तीव्र, गरम कॉस्टिक. मिरकरवाड्याच्या बंदरात उतरणाऱ्या कोळंबीचं डोकं आणि साल मिळून वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग होतो. सोलून झालं की तो कचरा. १९८१ पासून रत्नागिरीत, शिरगावला, मत्स्य महाविद्यालय आहे, आणि मासळीच्या टाकाऊ भागाचं काय करता येईल हा अशा ठिकाणी शिकवण्याचाच विषय.

कायटोसानची साखळी कूर्चेतल्या नैसर्गिक शर्करा-साखळ्यांशी मिळतीजुळती आहे. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी त्याचं असं द्रावण बनवलं, जे रुग्णाच्याच रक्तात मिसळून कूर्चेच्या खळग्यात ओतलं की तिथे गोठून बसतं. आधी खालच्या हाडाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे मज्जेतल्या पेशी वर येतात. ही भोकं पाडण्याची पद्धत जुनीच आहे. नवी होती ती वर गोठणारी कायटोसानची चादर. ८० रुग्णांवर चाचणी झाली. काहींना नुसती भोकं, काहींना भोकं आणि चादर. २०१३ साली निकाल आला. वर्षभरानंतरच्या एमआरआयमध्ये चादरवाल्यांचा खळगा जास्त भरलेला होता आणि भरलेलं ऊतक जास्त चांगलं होतं. वेदना आणि हालचाल? दोन्ही गटांत सारखीच सुधारली.

हा निकाल मी मुद्दाम सांगतो आहे. या क्षेत्रातल्या बातम्यांमध्ये चित्र दाखवतात ते एमआरआयचं, आणि पेशंट विचारत असतो ते पायऱ्यांचं.

पुण्यातही एक धागा विणला जातो आहे, अक्षरशः. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या कोषातल्या फायब्रॉइन या प्रथिनावर काम झालं. रेशमाचे टाके शल्यविशारद पिढ्यान् पिढ्या घालत आलेत, तेव्हा शरीराला ते परकं नाही. डॉ. अनुया निसळ यांनी त्या संशोधनातून सेरिजेन ही कंपनी उभी केली आणि हाडातली पोकळी भरायचा रेशमी पदार्थ बनवला. लक्षात घ्या, इथेही हाड. रेशीम असो की कवच, हाडात काम सोपं होतं, कारण हाड स्वतः मदतीला येतं.

मग गुडघ्याच्या झिजेचं काय? रत्नागिरीत ज्यांची घरं पाखाडीच्या वर आहेत, ज्यांनी आयुष्यभर विळीवर उकिडवं बसून मासे कापले, डोक्यावर टोपली घेऊन चढण चढली, त्यांचं काय? गोथेनबर्ग, मॉन्ट्रियल, लोणावळा इथले उपचार प्रामुख्याने एका खळग्यासाठी आहेत. फुटबॉल खेळताना, गाडीवरून पडून, तिशीतल्या माणसाच्या चांगल्या कूर्चेत पडलेला, कडा शाबूत असलेला खळगा. साठीतल्या बाईचा गुडघा तसा नसतो. त्यात कूर्चा सगळीकडूनच पातळ झालेली, खालचं हाड कठीण झालेलं, कडेला हाडाचे काटे फुटलेले, अस्तर सुजलेलं, पाय किंचित वाकून भार एकाच बाजूला येणारा. एक कौल फुटलं तर बदलता येतं. वासेच कुजले असतील तर नवं कौलही घसरतं. जळत्या सांध्यात परांची टिकवायची कशी, तिच्यातून सूज उतरवणारं औषध थेंबाथेंबाने सोडता येईल का, हाड आणि कूर्चा या दोन्हींसाठी दोन थरांची एकच परांची करता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. ते अजून बहुतांशी प्राण्यांच्या गुडघ्यात आहे.

या मधल्या पोकळीत बाजार शिरला आहे. ‘ऑपरेशनशिवाय कूर्चा परत’, ‘स्टेम सेलचं एक इंजेक्शन’ अशा जाहिराती तुमच्या फोनवर येत असतील. आईवडलांच्या व्हॉट्सअॅपवर तर नक्की येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांमध्ये मज्जा किंवा तत्सम पेशींचं रोपण करण्यापुरता आहे, बाकी वापर नोंदणी केलेल्या चाचणीत व्हायला हवा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा कुणी गुडघ्यात स्टेम सेल सोडायचे लाखभर मागत असेल, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या नोंदवहीत तो फोनवरच शोधता येतो.

ज्यांना पाऊल टाकवत नाही त्यांच्यासाठी अजून ग्लुकची वाटच खुली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सर्वात जास्त वापरला जातो त्याची सरासरी किंमत त्याआधी दीड लाखाच्या पुढे होती, ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आली. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च वेगळा. असा गुडघा पंधरा-वीस वर्षं चालतो, पुष्कळांचा त्याहून जास्त. काहींचा सैल होतो, आणि तो काढताना खालच्या हाडात मोठा खड्डा पडलेला सापडतो. तो खड्डा भरायला अनेकदा पेढीतलं हाड लागतं: कुणाच्या तरी खुब्याच्या शस्त्रक्रियेत काढून टाकलेला मांडीच्या हाडाचा गोळा, धुऊन, वाळवून, गॅमा किरणांखालून काढून, चुरा करून, नव्या धातूच्या खाली ठासून भरलेला.